गाड्यांचा तलाठी

नवापूरला सुरत-धुळे हायवेवर, चहाच्या टपरीसमोर एखादी नवीकोरी गाडी थांबली की आप्पा बाकावरून उठतात. हात पाठीमागे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. गाडीभोवती एक पूर्ण प्रदक्षिणा, मागच्या चाकापाशी क्षणभर मुक्काम, डिकीवरच्या चकचकीत अक्षरांवरून एक बोट, आणि मग ड्रायव्हरच्या खिडकीशी वाकून एकच प्रश्न :

"मालक कोण?"

नवखा माणूस म्हणतो, "मीच की."

"तुम्ही भोगवटादार. मी मालक विचारतोय."

इथे बहुतेक लोक काच वर घेतात.

आप्पा तलाठी होते. निवृत्तीनंतर माणूस तलाठी राहत नाही, असा सरकारचा समज आहे. अक्कलकुवा, तळोदा, नवापूर असे सजे फिरून आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट पाहिली : कोणती जमीन कोणाच्या नावावर. त्यामुळे कोणतीही वस्तू समोर आली की इतरांना ती वस्तू दिसते, आप्पांना तिचा सातबारा दिसतो. लग्नपत्रिका हातात दिली तर नवरा-नवरीकडे लक्ष नसतं. नजर थेट खाली, निमंत्रकांच्या यादीवर. "थोरल्याचं नाव गाळलंय. वाटणी झालेली दिसते." आणि झालेली असते.

पुढे सातबारा ऑनलाइन झाला, शाईचे बोरू गेले, लोक आप्पांना विचारेनासे झाले. पण लिहायची खाज जाईना. त्यांनी लाल पाठीची एक जाड वही घेतली, आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि हायवेवरून जाणाऱ्या गाड्यांच्या नोंदी सुरू केल्या. गाडी कोणत्या कंपनीची हे सगळ्यांनाच माहीत असतं. कंपनी कोणाची, हे आप्पांचं खातं.

वहीतली एक नोंद मी स्वतः उतरवून घेतली आहे. वर शेताच्या नावाच्या जागी 'लँड रोव्हर', मौजे इंग्लंड. खाली फेरफार : "1948, मूळ खातेदार रोव्हर कंपनी. 1975, सरकारजमा. 1988, सरकारकडून ब्रिटिश एरोस्पेस. 1994, बीएमडब्ल्यू, राहणार जर्मनी, खरेदीने. 2000, फोर्ड, राहणार अमेरिका, खरेदीने. 2008, टाटा, राहणार मुंबई, खरेदीने, सोबत जॅग्वार." शेवटच्या ओळीखाली लाल शाईची दुहेरी रेघ. आप्पांच्या वहीत लाल रेघ म्हणजे नोंद प्रमाणित झाली, आता कोणी हरकत घेऊ नये.

2008 च्या जूनमध्ये हा व्यवहार पुरा झाला तेव्हा आप्पांनी आळीत पेढे वाटले होते. टाटांनी 230 कोटी डॉलर मोजले, पेढ्यांचे पैसे आप्पांनी. शेजारच्या काकूंना वाटलं, भावाबरोबरचा बांधाचा दावा जिंकले. आप्पा म्हणाले, "त्याहून मोठं. इंग्रजांची जमीन आपल्या नावावर झाली. आता ते कुळ, आपण मालक." नवापुरात तोवर कोणी जॅग्वार पाहिली नव्हती. आप्पांनीही नाही. जमीन न बघता नोंद घालायची खात्याची जुनी पद्धत आहे, असं मी म्हणालो, तेव्हापासून मला पेढा मिळालेला नाही.

आता गंमत बघा. हा नियम टाटांपर्यंत चोख चालतो. विकत घेणारा भारतीय, तर गाडी भारतीय. मग ती कुठे का बनेना, इंग्रज का बनवेनात. रॉयल एनफिल्ड मूळची इंग्लंडातल्या रेडिचची, आता आयशरची, म्हणून आपली. लाल रेघ. पण एका शनिवारी मी टपरीवर सहज म्हणालो, "आप्पा, मारुतीचं काय?"

आप्पा त्याच वेळी मारुतीला तेल घालून आले होते.

"मारुतीचं काय?"

"सुरुवात सरकारी. सुझुकी भागीदार. 2002 मध्ये सुझुकीचा हिस्सा निम्म्याच्या वर गेला, आणि 2007 मध्ये सरकारने आपले उरलेसुरले शेअर विकले. म्हणजे तुमच्या हिशेबाने..."

आप्पांनी बडीशेप तोंडात टाकली आणि ती बराच वेळ चावली. जपान्याच्या नावावर मारुती चढवायचा, तोही शनिवारी! शेवटी म्हणाले, "मारुतीचा प्रश्न श्रद्धेचा आहे. तो महसूल खात्याच्या कक्षेत येत नाही."

जीप कंपासने तर त्यांची एक संबंध रात्र खाल्ली. नाव अमेरिकन, तेही दुसऱ्या महायुद्धातलं. मालक स्टेलँटिस, म्हणजे फ्रेंच, इटालियन आणि अमेरिकन घराण्यांचं एकत्र कुटुंब, कागदोपत्री राहणार नेदरलँड्स. आणि गाडी 2017 पासून बनते कुठे, तर शिरूर तालुक्यात, रांजणगावला, महागणपतीच्या शेजारी. शिवाय ज्या महिंद्रांनी आपल्याकडे 1947 पासून विलीस जीप जुळवायला घेतली, त्यांच्या रॉक्सॉर गाडीवर अमेरिकेत त्याच जीपवाल्यांनी हरकत घेतली, की आमच्या गाडीची चेहरेपट्टी उचलली! म्हणजे जुन्या कुळावर मालकाच्या नातवांनी दावा लावला. आप्पांनी दोन पानं भरून सगळं मांडलं, सकाळी दोन्हींवर काट मारली आणि कंपास विवादग्रस्त प्रकरणांच्या पानावर नेऊन ठेवली. ती अजून तिथेच आहे.

हे सगळं करणाऱ्या माणसाची स्वतःची गाडी कोणती असेल? अर्थात अ‍ॅम्बेसेडर. पांढरी. कलेक्टरसाहेब जिच्यातून उतरायचे तसली. तलाठ्याने ती आयुष्यभर फक्त मागून पाहिलेली असते, धूळ खात. म्हणून सरकारी लिलावात निघाली तेव्हा आप्पांनी घेतलीच. नंबर धुळ्याचा, एमएच-18. 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा निघाला, नव्या गाड्यांना एमएच-39 आलं. आप्पा अभिमानाने सांगतात, "गाडी जागची हलली नाही. जिल्हा हलला." ते खरंही आहे. गाडी त्या काळात बहुतेक जागेवरच असायची.

आता या गाडीचं आरसी बुक. नोकरीत असताना स्वतःच्या नावावर काही घ्यायचं म्हणजे वर परवानगीचा कागद पाठवा, मग त्यावर शेरे झेला. त्यापेक्षा महसूल खात्यात एक साधी, सोपी, वहिवाटीची पद्धत आहे. गाडी माईंच्या, म्हणजे आप्पांच्या पत्नीच्या, नावावर आहे. त्यामुळे साऱ्या तालुक्याला "तुम्ही भोगवटादार" म्हणून सुनावणारे आप्पा घरच्या फाटकातून गाडी काढताना आत आवाज देतात, "नेऊ का गं?" आणि कधीकधी आतून उत्तर येतं, "नको."

या गाडीच्या डिकीवर '1800 आयएसझेड' अशी अक्षरं आहेत. त्यांचा अर्थ आप्पा कित्येक वर्षं सांगत आले : आय म्हणजे इंडिया, एस म्हणजे स्वदेशी, झेड म्हणजे झिंदाबाद. एकदा एका म्हाताऱ्या फिटरने बॉनेटमधून डोकं बाहेर न काढता दुरुस्ती केली, "इसुझू. इंजिन जपानी घराण्याचं आहे, आप्पा." त्या दिवशी फिटरचे पैसे वेळेवर मिळाले, चहा मिळाला नाही.

पण खरा घाव 2017 च्या फेब्रुवारीत बसला. अ‍ॅम्बेसेडरचं उत्पादन 2014 मध्येच थांबलं होतं, ते आप्पांनी मरण म्हणून पचवलं होतं. आता पेपरात आलं की हिंदुस्तान मोटर्सने 'अ‍ॅम्बेसेडर' हे नाव फ्रान्सच्या प्यूजोला 80 कोटी रुपयांना विकलं. आप्पांनी बातमी तीनदा वाचली. उत्तरपाड्याचा कारखाना विकला? नाही. यंत्रं? नाही. मग? नाव. फक्त नाव.

सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' म्हणून एक रकाना असतो. चिंचेचं शेत, खळ्याचा मळा, म्हसोबाची पट्टी, असं काहीबाही त्यात लिहितात. पुष्कळदा तो कोराच राहतो. "इतक्या वर्षांच्या नोकरीत," आप्पा म्हणाले, "शेत राखून शेताचं नाव विकणारा माणूस मी पाहिला नाही. विहीर नाही, झाड नाही, बांध नाही. नुसता रकाना! 80 कोटीला!" यात राग किती आणि, आपण एवढे सजे सांभाळून हे कधी सुचलं नाही, ही हळहळ किती, ते मला ठरवता आलं नाही.

माईंनी व्यवहारातलं विचारलं, "मंग आपली गाडीले काय म्हननं?"

पुढे महिनाभर त्या घरात गाडीला 'पांढरी' म्हणत होते. दावणीच्या गाईसारखं. "पांढरी धुतली का?" "पांढरीला पाणी घाला." परक्याच्या मालकीचं नाव आपण फुकट वापरायचं नाही, हा आप्पांचा बाणा. नंतर सवयीने सुटला.

नवापूर हे गाव या माणसाच्या प्रकृतीला मानवणारं नाही, हे इथे सांगायला हवं. इथलं रेल्वे स्टेशनच दोन राज्यांत आहे. 1960 साली राज्यं वेगळी झाली तेव्हा रेघ प्लॅटफॉर्ममधून गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तर गुजरातेत. एक बाक असा आहे की अर्धा इकडे, अर्धा तिकडे. लोक त्यावर बसून फोटो काढतात. आप्पा त्याच्या महाराष्ट्राकडच्या अर्ध्यावर बसतात आणि पिशवी गुजरातेत ठेवतात. "अतिक्रमण नाही," ते स्पष्ट करतात, "तात्पुरता वापर." गावात सकाळी गुजराती, दुपारी मराठी, घरात अहिराणी, बाजाराच्या दिवशी मावची आणि भिली. कोणाला कोणती भाषा कोणाच्या मालकीची हे विचारायला सवड नाही. आणि आप्पांना ती भरपूर.

त्यांना थोडी उसंत मिळावी म्हणून एका दत्तजयंतीला मी त्यांना सारंगखेड्याच्या यात्रेला नेलं. तापीकाठी घोड्यांचा बाजार. मला वाटलं, घोड्याला कंपनी नसते. पण गप्प राहतील तर ते आप्पा कसले. एका अबलख घोड्यापाशी थांबले, प्रदक्षिणा घातली (जरा लांबून), आणि विचारलं, "मालक कोण?"

विकणारा पागोटेवाला म्हणाला, "आत्ता मी. दुपारी तुम्ही व्हा."

"घोडा कुठला?"

"मारवाडी."

"म्हणजे विकला की शहाद्याचा होणार."

पागोटेवाल्याने घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. "साहेब, शहाद्याच्या पाटलाने नेला तर याला पपईची सवय लागेल. पण कान बघा." घोड्याचे दोन्ही कान आतल्या बाजूला वळलेले, टोकाशी एकमेकांना टेकलेले. "हे कान कुठे जातील?"

आप्पांनी त्या कानांकडे एवढा वेळ पाहिलं की घोड्यानेच नजर वळवली. परतताना गाडीत बोलले नाहीत. वहीत त्या तारखेला मी नंतर पाहिलं तर एवढंच होतं : "सारंगखेडा. कान."

मग अधिक श्रावण आला, 2023 चा. धोंड्याचं जेवण. सुरतेहून लेक-जावई आले ते नव्या गाडीतून. काळी, उंच, नाकावर अष्टकोनात दोन अक्षरं : एमजी. आप्पा ओट्यावरून उठले, हात पाठीमागे गेले, प्रदक्षिणा पूर्ण झाली, खिडकीशी वाकले आणि तोंड उघडून तसेच थांबले. समोर जावई होता. अधिक महिन्यात जावई म्हणजे विष्णू. त्याला "तुम्ही भोगवटादार" म्हणायची सोय नाही.

"छान आहे," आप्पा म्हणाले. आप्पांच्या तोंडून हा शब्द मी प्रथमच ऐकला.

कारण सातबारा त्यांना तोंडपाठ होता. एमजी म्हणजे मॉरिस गराजेस, ऑक्सफर्ड, 1924. पुढे पन्नास हातांतून गेली, 2005 मध्ये घर बुडालं, नानजिंगच्या चिनी कंपनीने भांडीकुंडी घेतली, आणि दोन वर्षांनी ती कंपनीच शांघायच्या सैककडे गेली. जाहिरातीत इंग्लंड, मालक चीन, आणि जावयाची गाडी बनली गुजरातेत हालोलला, जनरल मोटर्सने सोडलेल्या कारखान्यात. लेक म्हणाली, "बाबा, नारळ तुम्ही फोडा." आप्पांनी नारळ हातात घेतला, बॉनेटवरच्या अष्टकोनाकडे पाहिलं, पूर्वेकडे पाहिलं, तिकडेच चीन आहे हे आठवून दक्षिणेकडे तोंड केलं आणि फोडला. दक्षिण यमाची, असं माई म्हणाल्या. आप्पा म्हणाले, "चालेल."

जेवताना त्यांनी पुरणाचा धोंडा वाढता वाढता जावयाला फक्त एवढं सांगितलं, की सीमेला लागून असलेल्या देशाचा पैसा आपल्याकडे यायचा तर 2020 पासून दिल्लीची परवानगी लागते. "आपल्याकडे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला जायची तर कलम 36 लागतं. तसं. वर्ग दोनची जमीन समजा." जावई म्हणाला, "हो का? मायलेज चांगलं आहे पण."

पुढची आग मी लावली, हे कबूल करतो. मी आप्पांना सांगितलं की अ‍ॅम्बेसेडर ही मुळात इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. त्या मॉरिसचा मूळ पुरुष विल्यम मॉरिस, ऑक्सफर्डात सायकली दुरुस्त करायचा. त्याच्याच गॅरेजच्या सेसिल किंबर नावाच्या मॅनेजरने मॉरिसच्या गाड्यांवर देखण्या बॉड्या चढवायला घेतल्या, त्या झाल्या मॉरिस गराजेस. म्हणजे एमजी.

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची पांढरी आणि जावईबापूंची काळी एकाच घरच्या."

आप्पांनी वही उघडली, मिटली, परत उघडली. वारस नोंदीचा प्रश्न आला की त्यांचा आवाज बदलतो. हळू विचारलं, "सख्ख्या, का चुलत?"

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये जेएसडब्ल्यू भागीदार म्हणून पुढे आली, 35 टक्क्यांची. ती बातमी आप्पांनी कापून वहीत चिकटवली आणि शेजारी आण्यांत हिशेब मांडला : रुपयात साधारण साडेपाच आणे आपले. सामायिक खातं. "सामायिक खात्यात बसायला हरकत नाही," ते म्हणाले. कोणी बसा म्हटलं नव्हतं.

पण बसायची वेळ आली. लेकीकडे सुरतेला निघायचं होतं, पांढरीतून. नवापूरचे बरेच लोक पेट्रोल पलीकडे जाऊन भरतात. दोन्ही राज्यांचे कर वेगळे, तिकडे स्वस्त पडतं. आप्पा महाराष्ट्राचे कडवे अभिमानी, पण टाकी भरायची ती उच्छलच्या बाजूला. त्या दिवशी काटा तळाला होता. इकडचा पंप आला. मी म्हणालो, दोन लिटर तरी टाका. आप्पा म्हणाले, "सरहद्द इथेच तर आहे." पांढरी त्यानंतर सरहद्दीच्या अलीकडे, पाटी दिसेल इतक्या अंतरावर, शांतपणे थांबली. मी आणि आप्पांनी ढकलायचा प्रयत्न केला. माई आत बसून राहिल्या. मालक होत्या.

जावई घ्यायला आला. आप्पा पुढे बसले, माई आणि मी मागे. दार लागलं तसा बाहेरचा आवाज बंद झाला. थंडगार. आप्पांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, कुठे काही लागू नये असे. जावई म्हणाला, "मामा, हिच्याशी बोलता येतं. काय हवं ते विचारा."

आप्पांनी समोरच्या काचेकडे तोंड केलं. घसा साफ केला. उभ्या आयुष्याचा प्रश्न, आणि विचारायचा तो थेट गाडीलाच! भावना अनावर झाली की ते अहिराणीत जातात.

"बाई, तुना मालक कोन शे?"

गाडी गप्प.

"तसं नाही मामा," जावई म्हणाला. "आधी तिचं नाव घ्यावं लागतं. हॅलो एमजी म्हणा. नाव घेतल्याशिवाय ती बोलत नाही."

आप्पांनी ओठ मिटले. पाटी मागे गेली, गुजरात लागलं. मागच्या सीटवरून माईंचा पदर तोंडाला लागल्याचा आवाज आला.

"ल्या ना मंग," माई म्हणाल्या. "ल्या नाव. मी नही लिन्हं का तुमनं, चार लोकेसमा?"

आप्पा खिडकीबाहेर बघायला लागले. पंप आला तेव्हा स्वतः उतरले, पांढरीसाठी कॅनमध्ये पाच लिटर भरून घेतलं, पावती मागितली. ती माईंच्या नावाने करायला सांगितली.